घर बघून गेलेली पाहुणी

लीनाताईंचा फोन आला तेव्हा अंजू बाथरूममध्ये वाकून चादरी धूत होती, कारण वॉशिंग मशीनने दसऱ्यालाच मान टाकली होती आणि ते दुरुस्त करून घ्यायची ही वेळ नव्हती. "मी इकडे बनेद अल-गारलाच आलेय गं. मंडळातर्फे दिवाळीचा फराळ वाटतोय, अर्ध्या तासात तुझ्याकडे टपकते," असं म्हणून लीनाताईंनी फोन ठेवलासुद्धा. अंजू हातातली चादर पिळायची विसरली.

लीनाताई म्हणजे आखातातल्या त्या शहरातल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतल्या बाई. नवरा तेल कंपनीत मोठा इंजिनिअर, फिंतासला समुद्रासमोर घर, कुठल्याही कार्यक्रमात पहिल्या रांगेत. अंजूची त्यांची ओळख एवढीच, की एकदा गणपतीच्या वेळी दोघींनी शेजारी बसून मोदक वळले होते. अशी बाई पहिल्यांदाच घरी येणार आणि घर हे असं. दिवाणखान्याच्या दारात उभं राहून अंजूने चौफेर नजर फिरवली.

टीव्हीच्या जागी भिंतीवर नुसता पांढरा चौकोन होता. जेवणाचं टेबल त्याच्याही आधी गेलं होतं. सोफा तेवढा शिल्लक होता, तोही कुणी विकत घेईना म्हणून, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून पिवळा फोम बाहेर डोकावत होता. थंडी सुरू झाल्यामुळे एसी बिघडलाय हे कुणाच्या लक्षात येणार नव्हतं, एवढाच काय तो देवाचा आधार.

झालं होतं असं, की तिचा नवरा उल्हास ज्या बांधकाम कंपनीत अकाउंटंट होता, तिने उन्हाळ्यात गाशा गुंडाळला. दुसरी नोकरी मिळाली होती, फिंतासच्या एका कंपनीत, पण कागदपत्रं होऊन पगार सुरू व्हायला जानेवारी उजाडणार होता. तोवर घरभाडं थकलं. नझीर हा त्यांच्या इमारतीचा हारीस, म्हणजे राखणदारीही करणारा आणि मालकाच्या वतीने दारोदार भाडंही गोळा करणारा माणूस. स्वभावाने भला. पहिल्या महिन्यात त्याने हसून सांगितलं, दुसऱ्या महिन्यात न हसता सांगितलं, आणि परवा सांगितलं की महिनाअखेरपर्यंत भाडं आलं नाही तर मालक वकिलाकडे जाईल, त्यापेक्षा तुम्हीच खाली करा. खाली करा म्हणजे घर सोडा. घर सोडायचं म्हणजे उल्हासने कुठल्यातरी बॅचलर लोकांच्या खोलीत एक कॉट घ्यायची आणि अंजूने जुईलीला घेऊन नाशिकला माहेरी जायचं. जुईली दहावीला. बोर्डाची नोंदणी इथल्या शाळेतून झालेली. आता मध्येच उठून गेली तर पोरीचं वर्ष फुकट. नोकरी गेली, टीव्ही गेला, टेबल गेलं, ते सगळं अंजूने गिळलं होतं, पण जुईलीचं वर्ष तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि तरीही त्या क्षणी तिला एकच चिंता होती, ती म्हणजे यातलं काहीही लीनाताईंना दिसता कामा नये. आता याला कुणी वेडेपणा म्हणेल. म्हणोत. ज्यांना लहानपणापासून 'आलेल्या माणसापुढे रडगाणं गायचं नाही' असं बजावलं गेलंय, त्यांना विचारा. अंजूच्या आईने म्हणे वडिलांच्या संपाच्या काळात शेजारणीला ऐकू जावं म्हणून रिकाम्या कढईत झारा वाजवला होता. त्या आईची ही लेक.

तिने ओल्या हातांनीच समोरचं दार वाजवलं. समोर माहीन राहायची, खेडकडची, नवरा कासम जहाजाच्या एजन्सीत. माहीनला फार सांगावं लागत नसे.

"पाहुणी येतेय. मोठ्या घरची आहे," अंजू म्हणाली.

माहीनने अंजूच्या खांद्यावरून तिच्या दिवाणखान्यात पाहिलं आणि म्हणाली, "अगो, मग उभी काय? सोफ्याला घालायला माझी ती निळी चादर ने. ग्लास नेतेस ना? आणि थांब, कासमने काल बदामाची बर्फी आणलीय, तीही ने."

मग जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती. जुईली अभ्यास टाकून उठली आणि दोन्ही घरांच्या मध्ये येरझारा घालू लागली. निळी चादर, सोनेरी काठाचे काचेचे ग्लास, नक्षीचा ट्रे, दोन उशा, एक उभा दिवा. टीव्हीच्या जागच्या चौकोनावर माहीनकडचं समुद्राचं मोठं चित्र लागलं. टेबल नव्हतं तिथे कुंडी आली. बेल वाजली तेव्हा अंजूने साडी बदललेली होती आणि दिवाणखाना असा दिसत होता, की तिला स्वतःलाच आत पाऊल टाकायला संकोच वाटावा.

लीनाताईंनी फराळाचा डबा हातात दिला, सोफ्यावर बसल्या आणि हळूच सगळीकडे पाहून घेतलं. "किती छान ठेवलंयस गं घर."

"कुठलं हो. पसाराच असतो," अंजू म्हणाली. ते मात्र खरं बोलल्यासारखं खोटं होतं, कारण पसारा घालायला घरात काही उरलंच नव्हतं.

बर्फी आली, केशर घातलेलं दूध आलं. केशरही माहीनचंच. लीनाताई इकडचं तिकडचं बोलत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "भाडी काय वाढलीत ना हल्ली. या भागात तर विचारूच नका."

"असेल बाई. यांचं हेच बघतात, मला तर आकडाही माहीत नाही," अंजू हसून म्हणाली.

"उल्हासरावांचं काम बरं चाललंय?"

"छानच. आता फिंतासला नवी कंपनी, नवी पोझिशन. तुमच्या जवळच येतील."

"आणि जुईलीची फी, क्लास? दहावीचा खर्च काही कमी नसतो."

"एकुलती एक तर आहे. तिच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?"

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण एकदा गाडी उताराला लागली की लागली. सुट्टीत नाशिकला जाणार का, असं लीनाताईंनी विचारलं तेव्हा अंजूच्या तोंडून निघून गेलं, "या डिसेंबरात तुर्कस्तान करावं म्हणतोय." आतल्या खोलीत जुईलीच्या हातातून पट्टी पडल्याचा आवाज झाला.

निघताना अंजूने त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटीत नारळ आणि कपाटातला शेवटचा कोरा ब्लाउजपीस घातला. लीनाताई दारात क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझं घर बघून बरं वाटलं हो. मनावरचं ओझं उतरलं." ओझं कसलं, ते अंजूला कळलं नाही. पण दार लावल्यावर ती आणि जुईली एकमेकींकडे बघून तोंडावर हात धरून हसल्या. कितीतरी दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

संध्याकाळी उल्हास आला. माहीनचं सामान परत गेलं होतं, सोफ्याचा फोम पुन्हा बाहेर आला होता. स्वयंपाकघरात फराळाचा डबा बघून तो थबकला. "हा कुणी आणला?"

"लीनाताई आल्या होत्या. मंडळाचा फराळ."

मग त्याने घाईघाईने विचारलं, "घर बघितलं त्यांनी? सगळं बघितलं ना? तू काय बोललीस?" त्याच्या आवाजात एक उत्सुकता होती, आणि ती अंजूला अजिबात समजेना.

"काय बोलणार? सगळं झकास आहे म्हटलं. माहीनकडून चादर, ग्लास, सगळं आणून असा थाट केला की तुम्ही ओळखलं नसतं घर."

उल्हास भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. चांगला पन्नाशीचा माणूस, पण स्वयंपाकघराच्या फरशीवर असा बसला की अंजू हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसली.

मग त्याने सांगितलं. मंडळाची एक योजना आहे, फारशी कुणाला माहीत नसलेली. नोकरी गेलेल्या, पगार अडकलेल्या कुटुंबाचं घर सुटू नये म्हणून थकलेलं भाडं आणि पुढचे तीन महिने मंडळ भरतं. कुटुंब इथेच राहणारं हवं, भाडेकरार स्वतःच्या नावावर हवा, सिव्हिल आयडीवरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळखपत्रावरचा, पत्ता तोच हवा. पैसे हातात देत नाहीत, थेट हारीसकडे जाऊन भरतात आणि पावती घेतात. कुणाला मदत मिळाली हे दोघातिघांपलीकडे कुणाला कळू देत नाहीत. उल्हासने मंडळाच्या आलोकरावांना भेटून अर्ज दिला होता. आलोकराव म्हणाले होते, कागद सगळे ठीक आहेत, आता आमचं कुणीतरी एकदा घर बघून जाईल की झालं.

"मला वाटलं, येण्याआधी मला फोन करतील," उल्हास म्हणाला. "असं सणाचं निमित्त काढून येतील हे मला काय माहीत? अर्जदाराच्या बायकामुलांना कानकोंडं वाटू नये म्हणून करत असतील."

दुपारचा प्रत्येक शब्द एकेक करून अंजूच्या कानात परत आला. आकडाही माहीत नाही. नवी पोझिशन. नारळ. आणि मग ते डिसेंबरचं. आपल्याच हातांनी, आपल्याच जिभेने, केशर घालून, आपण पोरीचं वर्ष बुडवलं हे तिला इतकं स्वच्छ दिसलं, की तिला रडूही आलं नाही.

"मला सांगितलं का नाहीत?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस अर्ज?"

नसता करू दिला. दोघांनाही ते ठाऊक होतं. थोड्या वेळाने उल्हासने एवढंच विचारलं, "तुर्कस्तान कुठून काढलंस?" जुईलीने सांगितलं असणार.

उल्हासने आलोकरावांना फोन करायला हात पुढे केला आणि मागे घेतला, असं दोन दिवस चाललं. एकदा हात पसरायलाच त्याला सगळं बळ एकवटावं लागलं होतं. शेवटी शुक्रवारी सकाळी अंजू उठली, तोंडात घास न घालता साडी नेसली आणि म्हणाली, "घाण मी केलीय, मीच निस्तरते." जुईलीला सांगितलं की लीनाताईंचा डबा परत द्यायला चाललेय. जुईलीने नुसती मान हलवली.

बसने फिंतास येईपर्यंत ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. सगळं खोटं होतं ताई. आमच्याकडे काही नाही ताई. लीनाताईंच्या घराची बेल दाबताना तिच्या लक्षात आलं, की डबा जड आहे. सकाळी अंधारात, विचारांच्या तंद्रीत, तिने त्यात घरातला सगळा चिवडा भरला होता, वर चार बेसनाचे लाडू ठेवले होते. रिकामा डबा परत करायचा नाही, हे हातांना कुणी सांगावं लागत नाही. पण आज हातांनी जरा विचारून करायला हवं होतं.

"अगं, भरून कशाला आणलास?" लीनाताई कौतुकाने म्हणाल्या आणि अंजूला अर्ध्या वाटेतच हरल्यासारखं झालं.

तरी ती बोलली. बसल्या बसल्या, पदराचं टोक मुठीत धरून, सगळं बोलली. चादर माहीनची, ग्लास माहीनचे, बर्फी, दिवा, चित्र, सगळं माहीनचं. टीव्ही विकला, टेबल विकलं, नझीरने महिनाअखेरची मुदत दिलीय, जुईलीचं दहावीचं वर्ष आहे. मी तुम्हाला पाहुणी समजले ताई, म्हणून असं केलं. बोलताना तिचे कान तापले होते. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणापुढे असं बोलत होती.

लीनाताईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "पण मी तर लिहून दिलं गं," त्या म्हणाल्या. "गरज नाही असं लिहून दिलं. कालच बैठक झाली. मला खरंच आनंद झाला होता, एक तरी घर सुखात आहे म्हणून."

त्यांनी आलोकरावांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आलोकराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण मला एक सांगा. त्या दिवशी तुम्ही दाखवलंत ते नाटक होतं असं तुम्ही म्हणता. मग आज जे सांगताय ते नाटक नाही, हे मी कशावरून धरू?"

हा प्रश्न अंजूच्या स्वप्नातही आला नव्हता. श्रीमंतीचं सोंग आणावं लागतं हे तिला ठाऊक होतं, पण गरिबीही कुणाला सोंग वाटू शकते हे तिला आज कळत होतं.

"हे पैसे माझे नाहीत वहिनी," आलोकराव पुढे म्हणाले. "लोक विश्वासाने देतात. मागे एकाने सामान मित्राकडे ठेवून रिकामं घर दाखवलं होतं. तेव्हापासून आम्ही न सांगता जायला लागलो. न सांगता दिसतं तेच खरं, असं आमचं ठरलंय. हारीसला विचारलं तर भाडं मिळावं म्हणून तो काहीही सांगेल."

"माहीनला विचारा," अंजू म्हणाली. "समोरच राहते. ती खोटं बोलणार नाही. आत्ता लावा फोन."

म्हणजे माहीनला आता कळणार होतं, की आपण भाड्यासाठी मंडळाच्या दारात गेलो. माहीनला कळलं म्हणजे कासमला कळणार, आणि मजल्यावर कुणाला कळायचं राहणार नव्हतं. अंजूने तेही मनातल्या मनात देऊन टाकलं. जुईलीच्या वर्षापुढे तिला आता अब्रू नको होती.

"तुम्ही मध्ये बोलायचं नाही वहिनी," आलोकरावांनी बजावलं. "तुम्ही तिथे आहात हेही सांगायचं नाही. नाहीतर अर्थ नाही विचारण्याला."

लीनाताईंनी त्यांना तसंच जोडून ठेवत अंजूने दिलेला माहीनचा नंबर लावला. माहीनने उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती.

"मी मराठी मंडळातून लीना बोलतेय. अंजूबद्दल थोडी चौकशी करायची होती. परवा मी त्यांच्याकडे आले होते तेव्हा ती निळी चादर, ते काचेचे ग्लास, ते सगळं तुमच्याकडून आणलं होतं का?"

बोल माहीन, अंजू मनात म्हणत होती, बोल.

"माझ्याकडून?" माहीन म्हणाली आणि हसली. "अहो मॅडम, आमच्याकडे कुठून येणार तसलं? सगळं तिचंच आहे. उलट आमच्याकडे पाहुणे आले की मीच तिच्याकडून नेते."

अंजूने तोंडावर हात दाबला. लीनाताई तिच्याकडे बघत होत्या.

"त्यांची परिस्थिती कशी आहे? भाडं वगैरे वेळेवर जातं?"

"भाडं? अहो, पहिल्या तारखेला पहिलं त्यांचं जातं. उल्हासभाई फार सरळ माणूस. कुणाचं एक पैशाचं देणं नाही. लेक हुशार. असं घर मिळायचं नाही तुम्हाला शोधून." माहीनला आता रंग चढला होता. "मी सांगते ना, काही काळजी करू नका. डोळे झाकून विश्वास ठेवा."

एवढं प्रेमाने आजवर अंजूबद्दल कुणी बोललं नव्हतं, आणि त्यातला एकेक शब्द तिला घराबाहेर काढत होता. ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण ओरडून काय होणार? मग तर पढवलेली साक्ष झाली असती.

माहीनचा फोन बंद झाला. आलोकराव म्हणाले, "वहिनी, तुम्ही चांगल्या घरातल्या आहात. का असं करताय मला कळत नाही. पण या वेळचे पैसे दुसऱ्या कुटुंबाला दिलेत, आणि तुमचा अर्ज मी पुन्हा घेऊ शकत नाही. माफ करा."

लीनाताईंनी फोन खाली ठेवला. त्या अंजूकडे बघत नव्हत्या. "चहा टाकू?" त्यांनी विचारलं.

"नको, आत्ताच घेऊन निघाले," अंजू म्हणाली, आणि आपण हे काय बोललो म्हणून स्वतःच दचकली. सकाळपासून तिच्या पोटात पाणीही नव्हतं. लीनाताईंनी मान हलवली. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता.

परतीच्या बसमध्ये तिला माहीनचा राग यावा म्हणून तिने खूप प्रयत्न केला. नाही आला. माहीनने तेच केलं होतं जे अंजूने तिच्यासाठी केलं असतं. कासमबद्दल कुणी विचारलं असतं तर अंजूनेही डोळ्याला डोळा भिडवून असंच सांगितलं असतं.

जिना चढून वर आली तर माहीन दारातच उभी होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "अगो, फोन आला होता तुझ्याबद्दल. बँकवालेच असणार. मंडळबिंडळ म्हणाली बाई, पण मी काय खुळी आहे? कर्ज द्यायचं असलं की असेच शेजाऱ्यांना विचारतात. मी पक्कं काम करून टाकलंय. आता तुझं भाड्याचं संकट गेलं म्हणून समज."

"तुला भाड्याचं माहीत होतं?" अंजूने विचारलं.

"नझीर काय हळू बोलतो का? सगळ्या मजल्याला माहीत आहे."

अंजू कठड्याला धरून उभी राहिली. सगळ्या मजल्याला माहीत होतं. ज्यांच्यापासून लपवायला ती इतके दिवस जिवाचा आटापिटा करत होती त्या सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्यांनी तिच्यापासून लपवलं होतं.

"बँक नव्हती माहीन," ती म्हणाली. "भाडं भरणारे लोक होते. गरज असेल तरच भरतात. आम्ही गरजू नाही असं तू सांगितलंस त्यांना."

माहीनच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. ती खाली पायरीवर बसली. "या अल्लाह," ती म्हणाली. मग तिने अंजूचा हात धरला, "परत लाव फोन. मी सांगते. मी कुराणावर हात ठेवून सांगते."

"आता नाही कुणी ऐकायचं. आणि तू नाही घालवलंस घर, मी घालवलं." अंजूला आता रडू आलं, सरळ, उघड्या दारात, शेजारणीसमोर. ते थांबवायची तिने धडपड केली नाही.

आवाज ऐकून जुईली दारात आली. अंजूने डोळे पुसले नाहीत. पोरीपासून तरी आता काही लपवायचं नाही असं तिने बसमध्ये ठरवलं होतं. "जुई, मी डबा द्यायला गेले नव्हते. भाड्याचे पैसे मागायला गेले होते. नाही मिळाले. आपल्याला नाशिकला जावं लागेल बेटा. तुझं वर्ष..."

"आय नो, मॉम," जुईली म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मी मागच्याच आठवड्यात टीचरशी बोललेय. ट्रान्सफर सर्टिफिकेटसाठी. त्या म्हणाल्या, वर्ष जाईल, पण नाइन्थच्या मार्कांवर नाशिकला पुन्हा टेन्थला घेतील. मी फॉर्म पण भरलाय. बाबांची सही राहिलीय फक्त."

"मागच्या आठवड्यात?" आपण नीट ऐकलं की नाही असं अंजूला वाटलं. म्हणजे निळी चादर आणण्याआधी. बर्फी, केशर, तुर्कस्तान, सगळ्याच्या आधी. म्हणजे त्या दिवशी ट्रे घेऊन धावताना, तोंडावर हात धरून हसताना, आपलं वर्ष गेलंय हे पोरीला माहीत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," जुईली म्हणाली. "इट्स ओके, मॉम. मी ठीक आहे."

तिचं ते 'ठीक आहे' अंजूने ऐकलं. तसं हसू, तसा आवाज, मान जराशी वर. लीनाताईंना दूध देताना ती स्वतः अशीच उभी होती. पोरीला हे कुणी शिकवलं, असं विचारायला तिला तोंड नव्हतं. तिने पुढे होऊन जुईलीला जवळ ओढलं आणि घट्ट धरून ठेवलं. बऱ्याच वेळाने, तिच्या खांद्यावर, पोर पहिल्यांदा हुंदका देऊन रडली.